वहीच्या कोपऱ्यातले चित्र

आकाशवाणीवरून चित्रांविषयी बोलावयाचे, आणि तेही हलत्या चित्रांविषयी, हे काम थोडेसे उफराटेच आहे. आपणांस मी एकही चित्र दाखवू शकत नाही. पण आज मी ज्या चित्रांविषयी सांगणार आहे ती फार साधी आहेत. एक चेंडू, एक वाटाण्याचा अंकुर आणि एक लोखंडी रूळ. ती आपण डोळे मिटूनही काढू शकाल.

मी भिलाईचा. माझे वडील १९५८ साली नागपूरहून तेथे आले. पुढच्याच वर्षी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. छत्तीसगड आणि नागपूर यांचे नाते तसे भोसल्यांच्या अमदानीपासूनचे. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा सरकारी कारभारही नागपूरकडेच पाहून चाले. त्यामुळे आमच्या वसाहतीत मराठी बोलणारी घरे होती, आणि त्यांच्या शेजारी तेलुगू, बंगाली, मल्याळी आणि छत्तीसगढी बोलणारीही. काही काळ रशियन भाषाही आमच्या रस्त्यांवर ऐकू येई. मीही पुढे कारखान्यातच लागलो आणि छत्तीस वर्षे आरेखकाचे, म्हणजे यंत्रांच्या आकृत्या काढण्याचे काम करून निवृत्त झालो.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी आमचे शेजारी एक वही घेऊन माझ्याकडे आले. ते रूळ तयार करण्याच्या विभागात कामाला आहेत. त्यांची मुलगी अकरावीत शिकते आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते. भिलाई हे गाव पोलादासाठी जितके प्रसिद्ध आहे, तितकेच आता या परीक्षांच्या शिकवण्यांसाठीही प्रसिद्ध झाले आहे. पहाटे पाठीला दप्तर लावून सायकलीवरून जाणारी मुले पाहिली की पाळीच्या भोंग्याची आठवण येते. शेजारी म्हणाले, "काका, ही पाहा भौतिकीची वही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चित्र काढून ठेवले आहे. तुम्ही जन्मभर ड्रॉइंग केलेत, तुमचे ती ऐकेल. तिला म्हणावे, दोन वर्षे हा नाद सोड."

मी वही हातात घेतली. अंगठ्याने पाने दाबून ती सर्रकन सोडली, आणि कोपऱ्यातला एक लहानसा चेंडू वरून खाली आला.

त्यांना मी काय उत्तर दिले ते नंतर सांगतो. त्या क्षणी मला माझीच एक वही आठवली. पाचवीत असताना अंकगणिताच्या वहीच्या कोपऱ्यात मीही असाच खेळ मांडला होता. भट्टीची मळी वाहून नेणारी गाडी कलंडते, मळी ओघळते आणि आकाश लाल होते. आमच्या लहानपणी हा देखावा रोज रात्री अंगणातून दिसे. चाळीस पाने भरली होती. गुरुजींनी ती वही सर्व वर्गासमोर फाडली, आणि हातावर दोन छड्या दिल्या. छड्या मी केव्हाच विसरलो, परंतु मळीची गाडी अर्धवट कलंडलेल्या स्थितीत माझ्या डोळ्यांपुढे अजून उभी आहे. पुढे छत्तीस वर्षे मी हजारो आकृत्या काढल्या. त्यांतली एकही हलली नाही.

चित्र हलविण्याच्या या खटाटोपाला आपल्याकडे चांगली थोर परंपरा आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले होते. काचांवर हाताने रंगविलेली चित्रे ते अशा शिताफीने सरकवीत की पडद्यावरची माणसे हलल्याचा भास होई. परंतु मला विशेष मोह पडतो तो दादासाहेब फाळक्यांच्या एका कुंडीचा.

फाळके हे 'राजा हरिश्चंद्र'चे कर्ते म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. तो चित्रपट १९१३ सालच्या ३ मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्याच्या आधीची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. १९१२ च्या आरंभी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, तेथे चित्रपटविद्या पाहून आले आणि कॅमेरा मागवला. आता मोठ्या चित्रपटासाठी भांडवल हवे होते. पैसेवाल्याला पटवावे कसे? दुसरा कोणी असता तर त्याने एखादा राजवाड्याचा देखावा उभा केला असता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, तिच्यासमोर कॅमेरा रोवला आणि सुमारे महिनाभर ते थांबून थांबून चित्रे घेत राहिले. मग ती फीत यंत्रावर चढविली. बी फुगले, अंकुर बाहेर आला, पाहता पाहता वेल आधार शोधीत वर गेला. 'अंकुराची वाढ' या नावाने हा लहानसा पट ओळखला जातो. तो पाहून निवडक मंडळींनी कर्ज देण्याची तयारी दाखविली.

या हकिकतीत रोज एकच चित्र घेतले असे कोठे कोठे लिहिलेले आढळते, आणि पट मिनिटभराचा होता असेही आढळते. माझ्यातला जुना आरेखक येथे अडतो. मूकपटाच्या काळी सेकंदाला सुमारे सोळा चित्रे लागत. महिन्याची तीस चित्रे म्हणजे जेमतेम दोन सेकंद. मिनिट भरावयाचे तर साडेनऊशेच्या वर चित्रे हवीत. म्हणजे रोज तीस-बत्तीस. दिवसाउजेडी दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून कुंडीपाशी जावयाचे, दट्ट्या फिरवावयाचा आणि परत यावयाचे! पट आज पाहावयास मिळत नाही, म्हणून हा हिशेब पडताळता येत नाही. पण तो मांडून पाहिला की त्या माणसाच्या चिकाटीचे वजन कळते. पुढे १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा लहान पट काढला. त्यात आगपेटीतल्या काड्या एकेक करून हलवून नाचविल्या होत्या. ज्याला आज आपण सचेतनपट किंवा ॲनिमेशन म्हणतो, त्याचा आपल्याकडचा ओनामा हाच.

आता असे पाहा. फाळके कलावंत होते, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. पैसा उभा करण्यासाठी त्यांनी एक युक्ती केली. पण त्या युक्तीतून पडद्यावर जे उमटले ते विज्ञानातले एक मोठे सत्य होते. वनस्पती स्थिर नसते. ती हलते, परंतु आपल्या डोळ्यांच्या मानाने फार सावकाश हलते.

हेच सत्य चार्ल्स डार्विनने १८८० साली आपल्या मुलाच्या साहाय्याने एका ग्रंथात मांडले होते. त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. रोपाच्या शेंड्याला काचेचा केसाएवढा बारीक तंतू चिकटवावयाचा, समोर काचेची तावदानी पट्टी ठेवावयाची आणि ठराविक वेळाने तंतूचे टोक जेथे दिसेल तेथे पट्टीवर ठिपका द्यावयाचा. मग ठिपके जोडावयाचे. रेघ सरळ वर गेलेली नसते. ती वेटोळी घेत, घुटमळत वर जाते. जगदीशचंद्र बसूंनी दुसरीच वाट धरली. त्यांच्या क्रेस्कोग्राफ यंत्राने वनस्पतीची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखविता येई. बसूंनी लांबी ताणली, फाळक्यांनी काळ आवळला, डार्विनने ठिपके दिले. तिघांनीही केले एकच: जे डोळ्यांच्या आवाक्याबाहेर होते, ते ओढून डोळ्यांच्या आवाक्यात आणले.

येथे आणखी एक मौज आहे. आमच्या लहानपणी पुस्तकात असे असे की, डोळ्यातील पडद्यावर चित्र क्षणभर टिकून राहते आणि पुढचे चित्र त्यात मिसळते, म्हणून चित्रपट हलताना दिसतो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. नुसती मिसळण झाली तर गिचमिड दिसेल, गती दिसणार नाही. १९१२ साली, म्हणजे इकडे फाळके कुंडीसमोर बसले होते त्याच साली, माक्स व्हर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की दोन जागी एकामागून एक रेघ दिसली, तर मधला प्रवास मन स्वतःच रचते. चेंडू पानावर हलत नाही. तो हलतो दोन पानांच्या मध्ये, म्हणजे आपल्या मस्तकात.

मन अशी भर घालते याचा पुरावा आमच्या भिलाईकरांना प्रयोगशाळेत शोधावा लागला नाही. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई पंडवानी गाण्यास उभ्या राहिल्या की त्यांच्या हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होई, क्षणात अर्जुनाचे धनुष्य होई, आणि पुढच्या ओळीला पुन्हा तंबुराच होई. त्या आमच्याच कारखान्यात नोकरीला होत्या. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांची गदा मी कित्येकदा पाहिली आहे. तंबुऱ्याला गदेचा आकार कधीच नव्हता.

तर अशा या दुर्ग जिल्ह्यात पडद्यावरच्या शिक्षणाचा एक थोर प्रयोग होऊन गेला आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एका उपग्रहाद्वारे देशातील सहा राज्यांच्या २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम थेट पोहोचविण्यात आले. त्या वेळच्या मध्य प्रदेशातील रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे त्यात होते. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम असत, संध्याकाळी मोठ्यांसाठी. जवळच्या एका खेड्यातल्या शाळेवर बसविलेली ती जाळीची छत्री पाहण्यास मी सायकलवर गेलो होतो. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी असावी तशी ती दिसे. त्या काळात मुलांच्या कार्यक्रमांचे काम शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राकडे होते आणि त्याच्या प्रमुख होत्या विजया मुळे. त्यांचा १९७४ सालचा 'एक अनेक और एकता' हा लहानसा सचेतनपट आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या कोणालाही विचारा. जाळे घेऊन उडणारी पाखरे त्याच्या डोळ्यांसमोर येतील.

३१ जुलै १९७६ रोजी तो प्रयोग संपला आणि उपग्रह परत गेला. आज तशा उपग्रहाची वाट पाहावी लागत नाही. कृष्णविवरापासून पेशीपर्यंत सर्व काही मुलाच्या हातातल्या फोनवर सुंदर रंगांत फिरत असते. मी ते नावाजतो, पाहतोही. पण पाहून झाल्यावर आपल्याला समजले असे जे वाटते, त्याविषयी माझ्या मनात शंका आहे, आणि ती शंका त्या मुलीच्या चेंडूने अधिक पक्की केली.

शेजाऱ्यांना मी म्हणालो, "वही आजची रात्र माझ्याकडे राहू द्या. मुलीला उद्या पाठवा." मुलगी आली ती मान खाली घालूनच. मी तिला नाद सोडण्याविषयी काहीच बोललो नाही. एवढेच विचारले, "हा चेंडू पडतो आहे की कोणी दोरीने खाली सोडतो आहे?" तिने पाने सोडून पाहिली, दोनदा, तीनदा. मग म्हणाली, "काका, खरेच की. हा पडत नाही, उतरतो आहे."

तिने प्रत्येक पानावर चेंडू सारख्या अंतराने खाली घेतला होता. वास्तविक त्याच पानांवर, चित्राच्या शेजारीच, पडणाऱ्या वस्तूचे सूत्र तिच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. त्यावरची पन्नास उदाहरणे तिने बिनचूक सोडविली होती. सूत्र हाताला ठाऊक होते, चेंडू दुसऱ्याच हाताने काढला होता. मी तिला सूत्राची आठवण करून दिली नाही. म्हटले, "डोळ्याला पटेपर्यंत काढ." चार दिवसांनी ती आली तेव्हा चेंडू पडत होता. मी पट्टी काढली आणि आम्ही दोघांनी अंतरे मोजली. पहिला टप्पा अर्धा सेंटिमीटर. दुसरा त्याच्या जवळजवळ तिप्पट. तिसरा पाचपटीच्या थोडा अलीकडे. चौथा सातपट असावयाचा, तो सहाच भरला होता. ती वहीकडे पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "एक, तीन, पाच, सात."

हा विषम संख्यांचा नियम गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून आणि पाण्याच्या घड्याळाने वेळ मोजून शोधला; १६३८ साली तो छापून प्रसिद्ध झाला. अकरावीतल्या त्या मुलीला तो वर्गात शिकविलेलाही होता. तरी त्या संध्याकाळी तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते शिकविलेले आठवल्याचे समाधान नव्हते. तिने उभ्या जन्मात हजार वेळा वस्तू पडताना पाहिल्या होत्या; डोळ्याला ते गणित येत होते. सूत्र आणि डोळा यांची गाठ मात्र कोणी घालून दिली नव्हती. ती चित्र काढताना पडली.

येथेच थांबलो असतो तर माझे बोलणे एकांगी झाले असते. आठवड्याने तिने अणूची वही आणली. मध्ये केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉन गरगर फिरताहेत; रेखाटन पहिल्यापेक्षा कितीतरी सफाईदार. आणि ते खोटे होते. इलेक्ट्रॉन ग्रहासारखा कक्षेत फिरत नाही, हे १९२६ च्या सुमारास पुंजयामिकीने दाखवून दिले आहे. "पण काका, हे तर छान हलते आहे," ती म्हणाली. छान हलतच होते! चेंडू चुकला तेव्हा डोळ्याने तक्रार केली, कारण त्याने चेंडू पाहिलेले होते. अणूच्या बाबतीत डोळ्याला काही अनुभवच नाही. तेथे तो कोणतेही देखणे असत्य बिनतक्रार स्वीकारतो. फोनवरच्या रंगीत चित्रफितींविषयी मला शंका वाटते ती याचमुळे. तिने मग विचारले, "खरा अणू कसा काढायचा?" मला उत्तर देता आले नाही. मी म्हटले, "कदाचित काढता येणार नाही. जेथे चित्र संपते तेथे तुझे गणित उपयोगी पडेल." हे ऐकून ती थोडी खट्टू झाली. पण त्यानंतर तिने गणिताची वही कोपरे न रंगवता आणली, हे मी पाहिले.

आता तिच्या वडिलांविषयी. चेंडूची हकीकत मी त्यांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, आणि "परीक्षा झाली की मग काय ते करू दे" एवढेच म्हणाले. त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. पोलादाच्या गावात पाळीने काम करणाऱ्या माणसाला मुलीचे एक वर्ष फुकट जाणे परवडत नाही. माझ्या गुरुजींनाही कदाचित असाच काही घोर लागलेला असेल.

परंतु मुलीने एके दिवशी आपण होऊन तिसरी वही केली. विषय होता वडिलांचा रूळ. भिलाईत १३० मीटर लांबीचा सलग रूळ तयार होतो. लाटून बाहेर पडतो तेव्हा तो लालभडक असतो, आणि थंड होता होता दीड मीटरच्या आसपास आखूड होतो. शिवाय तो वाकतो. कारण रुळाचा माथा जाड असतो आणि तळ पातळ, रुंद. दोन्ही एकाच वेगाने निवत नाहीत. हे निवणे इतके संथ असते की उभे राहून पाहणाऱ्याला रूळ निश्चलच दिसतो. फाळक्यांच्या वाटाण्यासारखेच म्हणावयाचे. मुलीने वडिलांकडून रात्रीच्या जेवणाच्या वेळी तुकड्यातुकड्याने माहिती काढली होती आणि तीस पानांत रूळ लालाचा काळा होत, माथ्याच्या बाजूला हळूहळू वाकवत नेला होता.

वही दाखविण्यास ती माझ्याकडे आली तेव्हा वडील तिला बोलावण्यास मागोमाग आले. शिकवणीची वेळ होत होती. त्यांनी उभ्याउभ्याच वही घेतली, आणि आम्ही लोक जसे दाबतो तसा अंगठा दाबून पाने सोडली. पुन्हा सोडली. मग ते खुर्चीवर बसले.

"हे असे होत नाही," ते म्हणाले. "तळ पातळ, तो आधी निवतो, आधी आखडतो. म्हणून रूळ पहिल्यांदा तळाच्या बाजूला वाकतो. माथा मागाहून निवायला लागला की मग तो परत फिरतो, सरळ होतो आणि शेवटी माथ्याकडे वळतो. तू त्याला एकदम शेवटाला नेलेस." त्यांनी आपला पंजा आडवा धरला आणि तो आधी एका बाजूला, मग सावकाश दुसऱ्या बाजूला वळवून दाखविला. ज्याने कित्येक वर्षे ते निवणे पाहिले आहे त्याचाच हात तसा वळतो. मुलगी त्या हाताकडे पाहत होती.

घड्याळात सहा वाजून गेले होते. त्यांनी माझ्या मेजावरची पेन्सिल उचलली, वहीचे आठवे पान उघडले, त्यावर तळाच्या बाजूला झुकलेली एक पुसट रेघ ओढली, आणि वही मुलीपुढे सरकवून म्हणाले, "येथे चार पाने वाढव."